मायक्रोकंट्रोलर निवडताना या चुका टाळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात उभं राहून ‘सगळ्यात भारी बोर्ड कुठला?’ असं विचारणारी मुलं दिसली की मला राहवत नाही. आधी कागदावर लिहा: सेन्सर किती, वायफाय लागणार का, बॅटरीवर चालवायचंय का. चिप, म्हणजे बोर्डवरचा प्रोग्राम चालवणारा मायक्रोकंट्रोलर, त्यानंतर.

पिन मोजता, पण तपासत नाही. ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते. ओळखीतल्या एका मुलाने सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसाठी ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डवर पाणी मोजायचं यंत्र केलं. टेबलावर प्रेशर सेन्सरचे आकडे चोख. वायफाय सुरू केलं की वाचन बंद. त्याने सेन्सर बदलला, केबल बदलली, शेवटी नवा बोर्ड आणला. दोष यातल्या कशातच नव्हता. सेन्सर जीपीआयओ ४ वर, म्हणजे ४ नंबरच्या पिनवर होता आणि ती पिन एडीसी२ ची. एडीसी म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा चिपचा भाग; या चिपवर तसे दोन आहेत. वायफाय चालू असताना या चिपवर एडीसी२ वापरता येत नाही, हे कंपनीने स्वच्छ लिहून ठेवलंय. व्हिडिओतलं सर्किट जसंच्या तसं उचललं की ते पान कोणी उघडतच नाही. वायर ३४ वर नेली, कोडमधला आकडा बदलला, काम झालं. ३२ ते ३९ या पिना एडीसी१ च्या. मात्र ३४ पासून पुढच्या फक्त इनपुटच्या, तिथे रिले (पंप वगैरे चालू-बंद करणारा स्विच) चालणार नाही. मी सोल्डरिंगआधी पिनांचा तक्ता छापून त्यावर पेन्सिलीने खुणा करतो. अर्धा तास जातो, जाऊ दे.

फ्लॅश पाहता, रॅम विसरता. अर्डुइनो ऊनो बोर्डवरच्या एटमेगा३२८पी चिपमध्ये फ्लॅश (प्रोग्राम साठवायची जागा) ३२ केबी, पण रॅम (प्रोग्राम चालताना लागणारी जागा) फक्त २ केबी. १२८ बाय ६४ च्या ओलेड डिस्प्लेचा पूर्ण बफर (चित्र ठेवायची रॅममधली जागा) १०२४ बाइट खातो, एसडी कार्डाचा आणखी ५१२. मग बोर्ड मध्येच रीसेट होतो आणि शिव्या बिचाऱ्या अडॅप्टरला बसतात. सिरियल प्रिंटची, म्हणजे कॉम्प्युटरला पाठवायची वाक्यं एफ मॅक्रोने, म्हणजे F() मध्ये लिहून, फ्लॅशमध्ये ठेवा. ओलेड आणि कार्ड दोन्ही हवं असेल तर मी सरळ आरपी२०४० चिपचा बोर्ड घेतो. त्यात २६४ केबी रॅम आहे.

५ व्होल्ट थेट ईएसपी३२ ला. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालवत असाल तर त्याच्या इको (सिग्नल बाहेर देणाऱ्या) पिनला १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लावाच.

‘पी’ नसलेली एटमेगा३२८. सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) जुळत नाही म्हणून प्रोग्रामर (चिपमध्ये कोड भरणारं साधन) थांबला, तर जबरदस्तीने लोड करू नका. चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा आणि सॉफ्टवेअरच्या यादीत तीच चिप निवडा.