कोल्ड्रिंक सुटेना, मुतखडा सोडेना: परत खडा होऊ नये म्हणून काय करायचं

मला पहिला खडा झाला तो एप्रिलात, पहाटे ३ वाजता. कंबरेतून कळ निघाली ती थेट जांघेपर्यंत, बसवेना झोपवेना, फरशीवर गडबडा लोळत होतो. सोनोग्राफीत ५ एमएमचा खडा दिसला, नळीत उतरलेला. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पिता, म्हटलं भरपूर. मग विचारलं लघवीला दिवसातून किती वेळा जाता, मी आठवून म्हटलं दोनदा, फार तर तीनदा. ते नुसते हसले.

मी तेव्हा फाउंड्रीत होतो, भट्टीजवळ, दिवसभर घामाच्या धारा. दुपारी एकजण ६०० मिलीच्या गार कोल्याच्या बाटल्या आणायचा, सोबत फरसाणचा पुडा. तहान भागल्यासारखी वाटायची आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याची आठवणच यायची नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे, कोला म्हणजे काही विष नाही, पण तो पाण्याची जागा खातो आणि येताना साखर, ॲसिड आणि शेजारी मीठ घेऊन येतो.

आधी बाटलीचं लेबल वाचा. बारीक अक्षरात ॲसिडिटी रेग्युलेटरपुढे आकडा असतो. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड, हे काळ्या कोल्यात असतं. ३३० म्हणजे सायट्रिक, हे लिंबू-संत्र्याच्या चवीच्या पेयांत. मग साखर बघा, १०० मिलीला १० ग्रॅम लिहिली असेल तर ६०० मिलीत ६० ग्रॅम झाली, म्हणजे १२ चमचे! चहात कुणी १२ चमचे घातली तर आपण कप फेकून देऊ. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजने लघवीतलं कॅल्शियम वाढतं, शरीरात युरिक ॲसिडही वाढतं, म्हणजे खडा कॅल्शियमचा असो की युरिक ॲसिडचा, दोन्हीचा कच्चा माल.

अमेरिकेत १,९४,०९५ लोकांची वर्षानुवर्षं माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१३ साली आला, त्यात रोज एक किंवा जास्त साखरेचा कोला पिणाऱ्यांना खडा होण्याचा धोका आठवड्याला एकही न पिणाऱ्यांपेक्षा २३ टक्के जास्त दिसला, आणि कोला सोडून बाकीच्या गोड सोड्यांत तर ३३ टक्के. त्यामुळे काळं सोडून पिवळं किंवा पांढरं धरलं तर सुटलो असं समजू नका. त्याआधी १९९२ च्या एका अमेरिकन प्रयोगात खडा होऊन गेलेल्या हजारावर पुरुषांपैकी निम्म्यांना कोल्ड्रिंक बंद करायला सांगितलं होतं, त्यात फायदा दिसला तो मुख्यतः फॉस्फोरिक ॲसिडवाली पेयं पिणाऱ्यांना. एक अभ्यास साखरेकडे बोट दाखवतो, दुसरा ॲसिडकडे, आपल्याला काय, बाटली तीच. डाएटवाल्यात साखर नसते पण ३३८ असतोच, म्हणून लग्नाकार्यात एखादी ठीक, पाण्याऐवजी नको.

आता मुख्य काम: एक रविवार लघवी मोजा. हसू नका, मीही लाजलो होतो. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीसकट, २ लिटरच्या जुन्या बाटलीत नरसाळ्याने जमा करायची (बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आमच्याकडे फिनेल समजून कुणीतरी ओतायला निघालं होतं). माझी भरली ११०० मिली. हवी साधारण अडीच लिटर. भरपूर पाणी पितो म्हणणारा मी, निम्म्यालाही नव्हतो. म्हणून आत किती ग्लास गेले हे मोजण्यात अर्थ नाही, घामात किती गेलं ते कोण मोजणार, बाहेर किती आलं ते बघायचं. इटलीत खडा होऊन गेलेल्यांवर ५ वर्षं प्रयोग केला, जास्त पाणी पिणाऱ्यांत १२ टक्के लोकांना खडा परत झाला, बाकीच्यांत २७ टक्के.

मी काय करतो, १ लिटरची बाटली घेऊन जातो, ११ पर्यंत एक संपवायची, २ ला दुसरी, सुटायच्या आत तिसरी, उन्हाळ्यात एक जास्त. झोपताना एक ग्लास, रात्री उठलो तर अजून अर्धा, कारण रात्रीच लघवी सगळ्यात घट्ट होते. रंग फिका पिवळा राहिला की बरोबर चाललंय. हार्टचा किंवा किडनी कमजोर असल्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलंय, त्यांनी हे करू नका, आधी विचारा.

गार काहीतरी हवंच असेल तर लिंबूपाणी. लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवतं, खडा जमू देत नाही. पण आपलं सरबत म्हणजे चार चमचे साखर आणि वर मीठ, मग कोल्याने काय घोडं मारलं होतं? नुसतं पिळा, फार तर चिमूटभर साखर. ताक चालतं, मीठ बेताने. शहाळं चांगलं. उसाच्या रसावर माझा जीव आहे पण तो रोजचा नाही.

मीठ. याकडे कुणी बघतच नाही. किडनी जादाचं मीठ बाहेर टाकते तेव्हा कॅल्शियमही सोबत लघवीत जातं. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, यात स्वयंपाकातलं, पापडातलं, लोणच्यातलं, फरसाणमधलं सगळं आलं. आमच्याकडे ताटात वेगळं मीठ वाढायची पद्धत होती ती बंद केली. सुकट, सुके बोंबील खाणाऱ्यांनी तर आधी नीट धुऊन घ्या. मटण-चिकन रोज नको, त्याने युरिक ॲसिड वाढतं आणि सायट्रेट कमी होतं.

दूध-दही मात्र सोडू नका. खडा झाला की शेजारपाजारचे पहिलं हेच सांगतात, दूध बंद कर, कॅल्शियमचा खडा आहे. उलटं आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे काही भाज्या-दाण्यांत असणारा एक पदार्थ) असतात हे खरं, पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोघं शौचावाटे निघून जातात. इटलीतच २००२ साली छापून आलेला ५ वर्षांचा दुसरा प्रयोग आहे, कॅल्शियम तोडलेल्या ६० पुरुषांपैकी २३ जणांना खडा परत झाला, आणि कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ-मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना.

ऑक्झलेट म्हणजे काय हे कळायला अळू आठवा. अळू घशाला खाजतो ना, त्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात, त्या टोचतात. पालक, बीट, राजगिरा, रताळं, बदाम यातही ऑक्झलेट बरंच. पालक उकडून पाणी फेकून दिलं की बराचसा जातो, आणि वर ताक-दही घातलं तर उत्तमच, आजीची ताकातली पालकाची भाजी या हिशोबाने अगदी बरोबर होती. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे उपासाचा, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, आणि पाणी कमी. उपास करा, पण सोबत दही घ्या आणि बाटली जवळ ठेवा. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो हे मात्र साफ खोटं, टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं. व्हिटॅमिन सीच्या १००० एमजीच्या गोळ्या कोविडपासून रोज चालू असतील तर त्या थांबवायचं डॉक्टरांशी बोला, जादा सीचं शरीरात ऑक्झलेट होतं.

कुळथाचं पिठलं मलाही आवडतं, खा. पण १० एमएमचा खडा घरात ठेवून काढ्यावर महिने काढू नका, तेवढा आपोआप पडणं अवघड, ५ च्या आतले बहुतेक पडतात. आणि बिअरने खडा वाहून जातो म्हणणाऱ्या मित्राला बिल भरायला लावा. कळ आहे आणि सोबत थंडी-ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

खडा पडायची वाट बघत असाल तर गाळणीतून लघवी करा, खडा सापडला की कोरड्या डबीत ठेवून लॅबला द्या, कॅल्शियमचा की युरिक ॲसिडचा ते कळलं की पथ्य त्याप्रमाणे ठरतं, औषधही. गाळणी मात्र नवीन आणा. मी ओट्यावरची चहाची उचलली होती, त्याबद्दल घरात अजून ऐकून घेतोय.