विज्ञानाचं प्रशिक्षण वर्गात उतरलं का, हे कसं तपासायचं

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी शिक्षकांकडून भरून घेतलेल्या फीडबॅक फॉर्मवरून काही कळत नाही, सगळेच ‘उपयुक्त’वर टिक करतात. खरं काय ते महिना-दोन महिन्यांनी वर्गातच दिसतं, म्हणून तुम्ही सुलभक (म्हणजे प्रशिक्षण देणारे) किंवा आसपासच्या शाळांचं केंद्र बघणारे केंद्रप्रमुख असाल तर तपासणीची तयारी पहिल्या दिवशीच करा.

पीपीटी लावायच्या आधी प्रत्येक शिक्षकाला कागद द्या, एक टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि वायरचा एकच तुकडा एवढ्यावर बल्ब कसा लागेल ते काढायला सांगा, नाव नको. मग तेच साहित्य हातात द्या, होल्डर न देता. बरेच जण वायर फक्त बल्बच्या बुडाला टेकवतात, बल्ब लागत नाही, मग सेल डाऊन आहे म्हणतात. तेव्हा उत्तर सांगायची घाई अजिबात करू नका!! बुडाचा ठिपका आणि बाजूचं धातूचं कडं, दोन्हीकडे जोडणी लागते हे ज्याला स्वतः खटपट करून सापडलं तोच उद्या पोरांना खटपट करू देतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये 1972 ला 16 शाळांत सहावी ते आठवीसाठी जो विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, त्यात शिक्षक आधी स्वतः विद्यार्थ्यासारखे प्रयोग करायचे, पण तेवढ्यावर सोडलं नव्हतं, वर्षभर मासिक बैठका, शाळाभेटी आणि प्रयोगाचं किट हे सगळं सोबत होतं. 2002 मध्ये तो बंद झाला, पण ती रचना आजही घेण्यासारखी आहे. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, असतेच की, तिथे परिपत्रकं वाचण्यातला अर्धा तास काढून ‘कुठला प्रयोग फसला’ एवढंच बोला. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तास प्रशिक्षण म्हटलंय, दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स त्यात धरतात, आशयासाठी ते ठीकच, पण व्हिडिओ बघून हात चालत नाही.

शाळेत गेलात की नोंदवही नंतर बघा. साहित्य कोणाच्या हातात आहे, प्रश्न विचारल्यावर सर किंवा मॅडम थोडं थांबतात का, पोरं आपणहून काही विचारतात का, हे बघा. मग बल्बचं तेच चित्र मुलांना काढायला सांगा आणि पहिल्या दिवशीच्या कागदांशेजारी ठेवा. मुलांची चित्रंही तशीच चुकत असतील तर शिक्षकाला बोल लावू नका, पुढच्या परिषदेत तोच प्रयोग परत घ्या. आणि जाताना नवे सेल न्या, शाळेच्या प्रयोगपेटीतले बहुतेक संपलेले असतात.