बहुविकलांग मुलांना स्वतःची कामं शिकवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मुलाचा हात धरून काम उरकणं. ब्रश हातात कोंबला, हात फिरवला, नोंदवहीत ‘दात घासले’ लिहून मोकळे! यात मूल काय शिकलं?

एका वर्गात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेला, नजर अगदी कमी असलेला एक मुलगा होता. ‘पँट स्वतः वर ओढतो’ अशी नोंद. पण त्याच्या बाई नसल्या की पँट गुडघ्यावर आणि तो तसाच उभा. सगळ्यांना वाटलं, हट्ट करतोय. नीट पाहिल्यावर कळलं, बाई दर वेळी नकळत त्याच्या कोपराला बोट लावायच्या. तो त्या बोटाची वाट बघत होता. मग आम्ही मदत कोपरावरून खांद्यावर नेली, नंतर नुसतं मागे उभं राहिलो. इलॅस्टिक अंगठ्याला लागलं की ओढायचं, हे त्याला उमगायला बरेच महिने गेले. जाऊ द्यावेत. मदत देतानाच ती कशी काढून घ्यायची हे ठरलेलं हवं.

मी हात मुलाच्या हाताखाली ठेवते, म्हणजे नको असेल तर त्याला आपला हात काढून घेता येतो. एकदा सांगितलं की मनात दहापर्यंत मोजते आणि गप्प बसते. नव्या शिक्षकांना हेच जमत नाही. मूल हालचाल जुळवत असतं आणि हे तीच सूचना चौथ्यांदा देतात.

शिकवताना शेवटची पायरी आधी घ्या. पँट कमरेजवळ आणून द्या, शेवटचं ओढणं त्याचं.

मान मागे टाकून भरवणं ताबडतोब बंद करा. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाठ सरळ, पावलांना आधार, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणाऱ्याने समोर त्याच्याच उंचीवर बसायचं. घास श्वासनलिकेत गेला तरी काही मुलांना ठसका लागतच नाही. जेवताना आवाज ओलसर, घरघरता झाला तरी गिळण्याची तपासणी करून घ्या.

शर्ट घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी.

ब्रश करायला शिकवायचं ते खरोखर दात घासायच्या वेळी; वेळापत्रकातल्या तासाला कोरडा ब्रश फिरवून काही होत नाही.

शौचाची सवय चार दिवसांत लागली नाही म्हणून पुन्हा डायपर बांधू नका. आधी मूल कधी ओलं, कधी कोरडं असतं ते आठवडाभर लिहा, त्या वेळांनाच बसवा. बद्धकोष्ठता असेल तर आधी तिच्यावर उपचार. दुखत असलं की मूल बसणारच नाही.