बेसबॉलचा सीझन सुरू होण्याआधी डिव्हिजनचा तक्ता कसा मांडावा

मेजर लीग बेसबॉलमध्ये डिव्हिजन म्हणजे पाच संघांचा गट. प्रत्येकाच्या वर्षाला १६२ मॅचेस, आणि सप्टेंबरअखेर जो जास्त जिंकला तो वर. आयपीएलच्या पॉइंट टेबलवर पैजा लावायची सवय असेल तर हात शिवशिवतीलच. पण क्रम आधी लिहू नका. आधी पाचही संघांच्या विजयांचे आकडे लिहा, क्रम त्यातून आपोआप निघेल. नुसतं ‘यांकीज पहिले’ लिहून दुसरा संघ एका विजयाने मागे आहे की पंधरा, हे कळत नाही. आणि खरी गंमत त्या अंतरातच आहे.

उदाहरणाला अमेरिकन लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) ईस्ट डिव्हिजन घेऊ. २०२४ मध्ये यांकीज ९४, ओरिओल्स ९१, रेड सॉक्स ८१, रेज ८० आणि ब्लू जेज ७४ विजय. आपण मार्च २०२५ मध्ये वही घेऊन बसलो आहोत असं समजा.

१. विजय नव्हे, धावा बघा

संघाने काढलेल्या धावांचा वर्ग करा. दिलेल्या धावांचाही वर्ग करा. पहिल्याला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा आणि १६२ ने गुणा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं हे सूत्र संघाने ‘खरं तर’ किती जिंकायला हवं होतं ते सांगतं.

२०१२ चे ओरिओल्स घ्या. धावा काढल्या ७१२, दिल्या ७०५. सूत्र म्हणतं ८२ विजय, प्रत्यक्षात झाले ९३! एका धावेने सुटलेल्या मॅचेसमध्ये त्यांनी २९ जिंकल्या आणि फक्त ९ हरल्या. जिगर, टीम स्पिरिट वगैरे बरंच बोललं गेलं. पुढच्या वर्षी तशाच मॅचेसमध्ये २० विजय, ३१ पराभव, आणि एकूण विजय ८५. गेल्या वर्षी कुठला संघ असा निसटता जिंकत गेला, हे शोधायला अर्धा तास लागतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात त्याइतकं फळ देणारं दुसरं काही नाही.

२. आकडा ८१ कडे ओढा

सरासरी संघ ८१ जिंकतो. फार वर गेलेला पुढच्या वर्षी बहुधा थोडा खाली येतो, तळातला थोडा वर. खेळाडूंनाही हाच नियम. आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांची ‘मार्सेल’ पद्धत मुद्दामच इतकी सोपी ठेवलेली आहे की माकडालाही जमावी: बॅटरच्या मागच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं (ताज्या वर्षाला ५), सरासरीकडे थोडं ओढायचं, वयानुसार थोडं कमी-जास्त करायचं. भल्याभल्या तज्ज्ञांना ही माकडपद्धत घाम फोडते.

३. जमा-नावे लिहा

हिवाळ्यात कोण आलं, कोण गेलं? यासाठी ‘वॉर’ नावाचा आकडा वापरा. कोणालाही सहज मिळेल अशा राखीव खेळाडूपेक्षा हा माणूस वर्षाला किती विजय जास्त मिळवून देतो, ते तो सांगतो. सगळा संघच अशा राखीव खेळाडूंचा असेल तर साधारण ४८ विजय धरतात. त्यावर प्रत्येकाचा वॉर चढवत जायचं. धावांत बोलायचं तर दहा धावा म्हणजे अंदाजे एक विजय.

सुमारे ८ वॉरचा ह्वान सोटो मेट्सकडे गेला, तेव्हा यांकीजच्या खात्यातून आठ विजय सरळ खोडण्याचा मोह होतो. पण जमेच्या बाजूला मॅक्स फ्रीड होता, कोडी बेलिंजर होता. यांकीज पुन्हा ९४ जिंकले. ओरिओल्सकडून मात्र कॉर्बिन बर्न्स ॲरिझोनाला गेला, आणि ते भगदाड बुजलंच नाही.

४. पिचर मोजा, आणि घाई करू नका

कागदावर पाच स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारे पिचर (चेंडू टाकणारे), असतात. १६२ मॅचेसना ते पुरत नाहीत; आठ-दहा तरी लागतात. म्हणून सहावा, सातवा, आठवा पिचर कोण, हे विचारा. अंदाज मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवा. २०२५ च्या मार्चमध्येच यांकीजच्या गेरिट कोलच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं. फेब्रुवारीत वही बंद करणारे हात चोळत बसले.

५. बेरीज तपासा

प्रत्येक मॅचला एकजण हरतोच, म्हणून तीसही संघांचे विजय मिळून २४३० होतात. सरासरी डिव्हिजनचे ४०५. ही डिव्हिजन तगडी आहे: २०२३ मध्ये ४४९, २०२४ मध्ये ४२०. तुमची बेरीज ४६० आली तर तुम्ही सगळ्यांवरच माया केली आहे. कोणाचे तरी विजय कापा, आवडत्या संघापासून सुरुवात करा.

६. नशिबाला जागा ठेवा

नाणं १६२ वेळा उडवलं तर सरासरी ८१ वेळा छापा येईल, पण सहा-एकांचा फरक सहज पडतो. तेव्हा दोन संघांत चार विजयांचं अंतर असेल तर त्यांना जवळपास बरोबरीतच धरा, आणि ‘पहिला येण्याची शक्यता ४० टक्के’ अशा भाषेत लिहा. समान विजय झाले तर आता जादा मॅच होत नाही, आपसातल्या मॅचेस बघतात. २०२५ मध्ये ब्लू जेज आणि यांकीज दोघेही ९४ वर थांबले. आपसात ब्लू जेज ८-५ ने पुढे, म्हणून पहिला नंबर त्यांचा. आदल्या वर्षी शेवटचा असलेला संघ! पस्तिशीतला जॉर्ज स्प्रिंगर ३२ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारेल, हे कुठल्या सूत्रात बसवणार होतात?

७. ऑक्टोबरमध्ये वही उघडा

प्रत्येक संघाच्या विजयांत किती चुकलात ते लिहा आणि पाचांची सरासरी काढा. रेड सॉक्स ८९, रेज ७७, ओरिओल्स ७५ वर संपले. ज्याने २०२४ चे आकडे जसेच्या तसे उतरवले असते, तो दर संघामागे ९.४ विजयांनी चुकला असता. आणि ज्याने काहीही न बघता पाचही संघांपुढे ८१ लिहिलं असतं, तो ८.८ ने. तुमची चूक त्याहून कमी आली, तर पुढच्या मार्चमध्ये पैज लावायला हरकत नाही.