आधी डबे उघडा, मग पिशवी उचला : घरात आहे त्यात आठवड्याचं जेवण कसं बसवायचं

महिन्याची २० तारीख उलटली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काहीच नाहीये घरात." बहुतेक वेळा ते खरं नसतं. हेच म्हणून मी एकदा बाजारात निघाले होते. पिशवी काढायला खालच्या फळीत हात घातला, तर मागून पाव किलो मटकी, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, कुळथाच्या पिठाची न फोडलेली पुडी आणि गेल्या उन्हाळ्यातले सांडगे निघाले. चार दिवसांचं जेवण होतं ते. मला आठवत नव्हतं, इतकंच.

आपण आधी पदार्थ ठरवतो आणि मग त्याचं सामान आणायला जातो. खर्च वाढतो तो इथे. पावभाजी ठरली की फ्लॉवर, मटार, ढोबळी मिरची, पाव, लोणी सगळं येतं, आणि घरातला दोडका आणखी दोन दिवस तसाच पडून राहतो. म्हणून क्रम उलटा करायचा.

मोजणी, पण किलोने नाही

एखाद्या संध्याकाळी अर्धा तास काढा. कागद-पेन्सिल घ्या आणि आधी फ्रीज, मग फ्रीजर, मग कांद्या-बटाट्याची टोपली आणि शेवटी डबे, या क्रमाने बघत जा. डब्यांनी सुरुवात केली तर फ्रीजपर्यंत पोचेस्तोवर कंटाळा येतो, आणि सडणारं सगळं फ्रीजमध्येच असतं.

"तूरडाळ अर्धा किलो" असं लिहून काही समजत नाही. "तूरडाळ, चार वेळा" असं लिहा. आमच्या चौघांना एका वेळच्या वरणाला पाऊण वाटी डाळ पुरते. माझी वाटी साधारण १५० ग्रॅम डाळीची आहे, म्हणजे अर्ध्या किलोत चार वरणं होऊन थोडी डाळ उरते. कोरडी मटकी वाटीभर घेतली तर मोड येऊन अडीच-तीन वाट्या होते, ती एका उसळीला भरपूर. तुमची वाटी आणि तुमच्या माणसांची भूक वेगळी असणार, तेव्हा एकदा मोजून बघा आणि आकडे डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवून टाका.

मोजतानाच वास घ्या, एखादा दाणा चावून बघा. शेंगदाणे खवट झालेत का, बाजरीचं पीठ कडू लागतंय का? बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळे ते लवकर कडवट होतं. बाजरीचं दळण म्हणून थोडं-थोडंच आणावं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. ते टाकायचं कारण नाही. पाणी उकळून त्यात पीठ घाला, झाकण ठेवून वाफ जिरू द्या आणि कोमट असताना चांगलं मळा. भाकरी नीट होते. तरी फाटलीच तर त्याच उकडीत कांदा, तीळ, तिखट आणि थोडं बेसन घालून थालीपीठ लावा. कुणाला कळणारही नाही.

तीन रांगा

मग कागदावर तीन रांगा पाडा. पहिल्या रांगेत आज-उद्या संपवायलाच हवं ते : चिरलेलं काहीही, मऊ टोमॅटो, मेथी-पालक, उरलेलं वरण, आंबट होत चाललेलं दही. दुसऱ्या रांगेत चार-पाच दिवस दम धरणारं : दोडका, भेंडी, गवार, काकडी. तिसऱ्या रांगेत थांबणारं : कांदे, बटाटे, न कापलेला लाल भोपळा, सुरण, कडधान्यं, पिठं, सांडगे. भोपळा कापला की त्याची रांग बदलते, हे विसरायचं नाही.

आठवडा आखताना पहिली रांग शनिवार-रविवारी लावायची आणि तिसरी शेवटी. बस, नियम एवढाच. पण प्रत्यक्ष कसं होतं ते सांगते, कारण नियम ऐकून कुणाची चूल पेटत नाही.

एका शुक्रवारी रात्री आमच्याकडे निघालं ते असं : मेथीची अर्धी जुडी, दोन दोडके, चार टोमॅटो (त्यांतले दोन लिबलिबीत), कोबीचा पाव गड्डा, लाल भोपळ्याची फोड, दोन वाट्या आंबट दही, सात कांदे, पाच बटाटे. डब्यांत तूरडाळ, मुगाची डाळ, हरभऱ्याची डाळ, मटकी, बेसन, कुळथाचं पीठ, दोन वाट्या पोहे, दाणे.

अर्ध्या जुडीची मेथी चौघांना भाजी म्हणून पुरत नाही. म्हणून शनिवारी ती पीठ पेरून केली. लसणाच्या फोडणीवर मेथी परतली, वरून तीन-चार चमचे बेसन भुरभुरलं, पाण्याचा हबका मारून वाफ काढली. लिबलिबीत टोमॅटो आमटीत गेले. त्याच रात्री मटकी भिजत घातली. रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली आणि दुपारी दोडका केला. सोमवारी उसळ. मटकी शिजवताना पाणी मुद्दाम जास्त ठेवलं होतं, ते कळण गाळून घेतलं आणि रात्री लसूण-मिरचीची फोडणी देऊन, आमसूल टाकून त्याची आमटी केली. मंगळवारी दुपारी भोपळ्याची भाजी आणि वरण-भात. डाळ तेव्हाच दुप्पट लावली आणि निम्मी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवली. रात्री आंबट दह्याची कढी आणि मुगाची खिचडी. बुधवारी त्या बाजूला काढलेल्या डाळीत वरणफळं सोडली, ज्यांना आमच्याकडे कुणी चकोल्याही म्हणतात. गुरुवारी बटाट्याचा रस्सा आणि कोबीची पचडी, शुक्रवारी कुळथाची पिठी आणि गरम भात. त्या आठवड्यात दूध सोडून बाहेरून आलं ते मिरच्या, कोथिंबीर, लिंबं आणि पालकाची एक जुडी. पोहे तसेच राहिले, ते पुढच्या रविवारी न्याहारीला.

यातली किल्ली एकच प्रश्न आहे आणि तो रात्री ओटा पुसताना विचारायचा : उद्यासाठी काय भिजवायचंय? हा प्रश्न चुकला की कडधान्यं डब्यातच राहतात आणि सकाळी घाईत पुन्हा भाजीवाल्याकडे धाव. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधी भिजवा किंवा बांधलेलं फडकं ओव्हनमध्ये, कणकेच्या डब्यात, कुठेतरी उबेत ठेवा.

दोडका पूर्ण वापरायचा म्हणजे कसा

दोडक्याच्या शिरा सोलून आपण कचऱ्यात टाकतो. त्या आधी दोडका धुऊन घ्या आणि मगच सोला. शिरा बारीक चिरा. कढईत दोन चमचे तेलावर मंद आचेवर परतत राहा. आधी त्या पाणी सोडून मऊ पडतात, तिथे थांबायचं नाही. आणखी सात-आठ मिनिटांनी रंग गडद होऊन कडा कुरकुरतात. मग त्यात दोन चमचे तीळ आणि मूठभर किसलेलं सुकं खोबरं घालून खमंग होऊ द्या. मीठ आणि तिखट गॅस बंद केल्यावर घाला, आधी घातलं तर तिखट जळतं. ठसका लागला म्हणजे घाई केलीत असं समजा. ही चटणी भाकरीबरोबर दोन-तीन दिवस पुरते. आतल्या गराची भाजी करताना मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली की दोन दोडके चौघांना पुरतात.

हीच नजर बाकी भाज्यांकडे वळवा. दुधीच्या सालीची चटणी होते, मुळ्याच्या पाल्याची भाजी, फ्लॉवरचे कोवळे दांडे रश्शात शिजतात, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात. कलिंगडाच्या लाल गराखालचा पांढरा भाग किसून धिरड्यात घालता येतो. कांद्याच्या सालींचं काय, असं मला एकीने विचारलं होतं. कांद्याच्या साली टाका. काटकसरीलाही मर्यादा हवी.

शिळं, पण बेतानं

शिळ्या पोळीचा कुस्करा तुम्हाला मी शिकवायची गरज नाही. फक्त पोळ्या मिक्सरमध्ये फिरवू नका, त्यांचा भुगा होतो आणि फोडणीत गोळा बसतो. हाताने कुस्करा, काही तुकडे मोठे राहू द्या. कांदा जरा जास्त, दाणे, शेवटी चिमूटभर साखर आणि लिंबू. भाकरी उरली असेल तर ताकात चुरा आणि वर कांदा-लसणाची फोडणी.

भाताचं मात्र जपून. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की त्यातून जिवाणू वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. रात्रीचा भात सकाळपर्यंत पातेल्यात झाकून ठेवायची आपली जुनी सवय उन्हाळ्यात तर अजिबात बरी नाही. उरलेला भात पसरट ताटलीत गार करून तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवा. बुळबुळीत लागला किंवा वास आला तर हळहळू नका, टाकून द्या.

साय साठवत असाल तर लोणी, ताक, तूप हे ओघानं आलंच. तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी बेरी राहते. ती साखर घालून मुलं खातात, नाहीतर कणकेत मळली की पोळ्या खुसखुशीत होतात. त्या पातेल्यात गरम भात आणि मीठ कालवून खाणं हा आमच्या घरात भांडणाचा विषय आहे.

पिशवी उचलताना

आता यादी करा, पण फक्त अडलेल्या वस्तूंची. पिठलं होणार, पण मिरच्या नाहीत. कढी होणार, पण कढीपत्ता नाही. अशा पाच-सात वस्तूंनीच घरातलं सामान हलतं. त्यापुढे एखादी पालेभाजी आणि एखादं फळ, कारण आठवडाभर नुसत्या डाळी आणि पिठांवर काढलं तर पोटही कुरकुरतं आणि माणसंही.

बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते, वाटे लावून विकतात. घ्यावी, पण उद्या ती निवडायला वेळ असेल तरच. मी एकदा स्वस्त मिळाल्या म्हणून मेथीच्या सहा जुड्या आणल्या. निवडायला बसले ती थेट मंगळवारी. चार जुड्या पिवळ्या पडल्या होत्या, आणि उरलेल्या दोन नेहमीच्या भावापेक्षा महाग पडल्या.

रेशनवर धान्य मिळत असेल तर आखणी तिथूनच सुरू करा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. तांदूळ साठले असतील तर ते भिजवून वाळवून दळून ठेवा, घावन आणि उकडीला पीठ तयार राहतं. इडली-डोशाला वेगळा तांदूळ आणायची गरजही नाही.

इथे वाचवायचं नाही

दुधी आणि काकडी चिरली की कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर ती भाजी गेली. त्यातला कडवटपणा विषारी असतो, शिजवून किंवा मीठ लावून तो जात नाही. दुधीचा रस पिणाऱ्यांनी तर हे आधी करायचं. हिरवे पडलेले बटाटे टाका. बुरशी आलेले, काळपट, कडू दाणे निवडून उरलेले वापरू नका, सगळेच टाका, कारण त्या बुरशीचं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही. पावाच्या एका तुकड्याला बुरशी दिसली तर अख्खी लादी गेली असं समजा. रव्यात एखादा किडा दिसला तर चाळून, भाजून चालतो, जाळी धरली असेल तर नाही. तापवताना फाटलेल्या दुधाला वास नसेल तर पनीर होतं. वास असेल तर मोरीत.

घरच्यांना "उरलेल्याचं केलंय" असं ताट वाढताना सांगू नका. तोंडं तिथेच वाकडी होतात. जेवून झाल्यावर सांगा, किंवा सांगूच नका.

महिन्याची यादी करायला बसाल तेव्हा हाच मोजणीचा कागद समोर ठेवा. चार आठवडे ज्या नावावर काट पडली नाही, ते या महिन्यात आणायचं नाही. आमच्या यादीतून असा साबुदाण्याचा दुसरा किलो गेला, मग ओट्स गेले, आणि एका थोर दिवशी घेतलेली किनवाची पुडी अजून तिथेच आहे. या आठवड्यात तिची खिचडी लावणार आहे, मूग आणि भरपूर लसूण घालून.