नाकाचा स्प्रे समोर मारून घ्या

पाऊस ओसरला की इंदूरच्या रिकाम्या प्लॉटांवर गाजर घास पांढरीफेक फुलते, आणि पाठोपाठ दिवाळीची साफसफाई निघते. उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांना खाज आणि ताप नाही, असा रुग्ण दवाखान्यात आला तर ती ॲलर्जी. तिथे अँटिबायोटिक लिहू नये. छातीत घरघर, रात्रीचा खोकला मात्र विचाराच. दमा कधीकधी सोबत असतो आणि नजरेतून सुटून जातो.

अधूनमधून त्रास असेल तर सिट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी, १० मिलिग्रॅम, रात्री. गाडी चालवणाऱ्याला त्याच कामाची फेक्सोफेनाडिन १२० मिलिग्रॅम बरी, ती सहसा झोप आणत नाही. पण नाक रोजच चोंदत असेल तर गोळीने फारसं भागत नाही. फ्लुटिकासोन (नाकातली सूज उतरवणारं स्टिरॉइड) स्प्रे द्या: मोठ्या माणसाला ५० मायक्रोग्रॅमचे दोन फवारे प्रत्येक नाकपुडीत, दिवसातून एकदा.

आणि तो तुमच्यासमोर मारायला लावा. बहुतेक जण मान मागे टाकतात, नळी मधल्या पडद्याकडे धरतात आणि जोरात ओढतात. मग औषध घशात उतरतं, कडू लागतं. पडद्यावर मार बसून रक्त येतं, आणि बाटली कपाटात जाते. नाक शिंकरून, बाटली हलवून, मान किंचित खाली. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, म्हणजे नळी आपोआप बाहेर, डोळ्याच्या कडेकडे वळते. दाबताना हलका श्वास, फूल हुंगावं इतकाच. नवी बाटली आधी बारीक धुकं येईपर्यंत हवेत उडवायची. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात, हे आजच सांगा; नाहीतर चौथ्या दिवशी बंद होतं. दरवर्षी ठरावीक महिन्यात त्रास होणाऱ्याने दोन आठवडे आधीच सुरू करावं.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपलीकडे नकोत. सवय लागते आणि नाक उलट जास्त चोंदतं.

स्प्रेआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर उत्तम: पाव लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही नाही. जाळी-जळमटं काढताना मास्क, आणि झाडूऐवजी ओलं फडकं.

एकाच बाजूने चोंदणं किंवा रक्त असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर त्याच दिवशी. आत बहुधा चणा किंवा मणी अडकलेला असतो.