ग्लो इंजिन गरम झालं की दम सोडतंय? उघडायच्या आधी हे बघा

जमिनीवर मस्त वाजतं, टेकऑफ पण होतो, आणि दोन-तीन राउंड झाले की आवाज बसायला लागतो, थ्रॉटल फुल असून मॉडेल विमान चढत नाही. ४६ साइजच्या, म्हणजे साधारण साडेसात सीसीच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनला (स्पार्कऐवजी प्लगच्या तापलेल्या तारेने मिथेनॉलचं इंधन पेटवणारं इंजिन) असं झालं की बरेच जण पिस्टन-लायनर (पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो ती नळी) गेला म्हणून मोकळे होतात. थांबा जरा. उपाशी, म्हणजे इंधन कमी पडणारं इंजिन आणि झिजलेलं इंजिन हवेत सारखंच वागतं, आणि उपाशी असेल तर वीतभर नवीन सिलिकॉन ट्यूबने पण काम होऊन जातं.

आधी प्लग बदला. तार लाल-केशरी पेटते म्हणून प्लग चांगला असं नसतं, तार पांढुरकी खरबरीत झाली असेल आणि ग्लो ड्रायव्हर (सुरू करताना प्लग तापवणारी बॅटरी) काढला की आरपीएम पडत असेल तर तो प्लग गेला समजा. इंधन पण ताजं घ्या, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळाभर अर्धा पडलेला कॅन नको.

मग टाकी. आतली क्लंकची (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाच्या वजनाची) नळी बाहेर काढून बघा, तिला सुईएवढं भोक असलं तरी बुडबुडे येतात आणि इंजिन लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. मफलरच्या प्रेशर निपलमध्ये (जिथून टाकीला दाब जातो) कार्बन बसतो, बारीक तार घालून मोकळं करा. आता मॉडेल कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, तुम्ही प्रॉपच्या (पंख्याच्या) मागे उभे राहा, फुल थ्रॉटलला इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. आरपीएम जरा वाढला तर मिक्श्चर किंचित रिच, म्हणजे इंधन थोडं जास्त आहे, तसंच पाहिजे. दाबल्या दाबल्या पडला तर लीन आहे, नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) थोडी उघडा. नीडल उघडूनही सेटिंग जागेवर राहत नसेल तर कुठूनतरी हवा शिरतेय, कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) बुडाचा आणि नीडलचा ओ-रिंग, बॅकप्लेटचं गॅस्केट, हे बघा.

एवढं करूनही तेच, तर मग कॉम्प्रेशन. एबीसी इंजिनचा (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, म्हणून थंड असताना पिस्टन वर येताना घट्ट लागतो, नवीन इंजिनला तर कुईं असा आवाज पण येतो, ती खराबी नाही. खरी परीक्षा गरम असताना. चार-पाच मिनिटं चालवा, बंद करा, ड्रायव्हर काढलेला आहे ना खात्री करा आणि लगेच प्रॉप सावकाश फिरवा. पिस्टन वर येताना प्रॉपने उशीसारखं मागे ढकललं पाहिजे. ढकलत नाही आणि एक्झॉस्टमधून फुस्स ऐकू येतं? प्लगच्या भोकातून दोन थेंब तेल टाकून परत फिरवा, कॉम्प्रेशन परत आलं तर पिस्टन-लायनर झिजलाय, आता शंका नको. तेल टाकूनही नाही आलं तर प्लगचा वॉशर आणि हेडचे स्क्रू बघा, तिथे तेलाचे बुडबुडे दिसतील.

प्लग काढलेलाच आहे तर बेअरिंग पण बघून घ्या. प्रॉप हळू फिरवताना बोटांना वाळूसारखी खरखर लागली तर मागचं बेअरिंग गंजलंय, यात पण पॉवर खूप जाते आणि बेअरिंग बदलून इंजिन वाचतं.

लायनर झिजलाच असेल आणि पार्ट मिळत नसेल तर इंधनात दोन-तीन टक्के एरंडेल वाढवा, नीडल थोडी रिच ठेवा, कमी पिचचा (पात्यांना तिरकेपणा कमी असलेला) प्रॉप लावा, ट्रेनरसाठी (शिकायच्या विमानासाठी) असं इंजिन अजून बरंच चालतं. एक विनंती आहे, लायनरवरचा तपकिरी थर पॉलिश पेपरने घासू नका, एरंडेलाचा तोच थर फट भरून धरतोय आणि घासलात तर उरलेलं कॉम्प्रेशन पण जाईल. मफलर आणि एक्झॉस्टमधला कार्बन मात्र खुशाल साफ करा.

दिवसाच्या शेवटी नळी काढून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा, कार्ब आणि प्लगच्या भोकातून थोडं आफ्टर-रन ऑइल (गंज धरू नये म्हणून घालायचं तेल) टाका आणि हाताने दहा-बारा वेळा फिरवून ठेवा.